कन्याकुमारीचा कौल

मालवण, २३ सप्टेंबर २००४

बाबांनी आज चक्क माझ्या कोलाजलाच कौल लावला! देवळात कौल लावताना मूर्तीला कळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. माझ्या कोलाजमधल्या कन्याकुमारी देवीच्या उजव्या खांद्यावर आमच्या प्रवासाचं रेल्वेचं तिकीट आहे, डाव्यावर तिथलाच शिंपला. बाबांनी हात जोडले. "आई, माझ्या चेडवाक शिकाक म्हमयक धाडू काय नको, तां तूच सांग."

मला मुंबईला शिकायला पाठवायचं की नाही, ते आता या दोन तुकड्यांवर! तिकीट मी दोनदा डिंक लावून बसवलंय. शिंपला मात्र सकाळपासून हलतोय. पण हे बाबांना सांगू कसं? आई दारातून नुसती बघत होती.

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी बाबांना हाक मारली. ते ओटीवर गेले. मला तो शिंपला बघवेना, मीही त्यांच्यामागे गेले. परत आलो तर तिकीट जमिनीवर! शिंपला जागच्या जागी.

"उजवो दिल्यान," बाबा म्हणाले. त्यांनी पुन्हा हात जोडले. आई चित्राजवळ उभी.

दोनदा डिंक लावलेलं तिकीट. पडेलच कसं?

जेवताना आईने भात वाढला, तेव्हा दिसलं. तिच्या नखात वाळलेला डिंक होता. मी बघतच राहिले, तशी म्हणाली, "गप जेव गो."