शिझुनोची राखाडी टोपी

४ नोव्हेंबर
अमिदा बुद्धाच्या कृपेने हामामात्सूला सुखरूप पोचले. मोरिओ स्टेशनवर आला होता. पन्नाशीचा माझा भाऊ, पण ‘ताई, आता गरम भात मिळेल’ म्हणताना अगदी शाळकरी दिसला. त्याची बायको शिझुनो जाऊन महिना झाला. एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी व्हायचाय, तोवर तिच्या वस्तू वाटायच्या नाहीत. घर उबदार आहे. पुढच्या खोलीत दुरुस्तीला आलेले तीन उभे पियानो. माझ्या हातचं मिसो सूप त्याने दोनदा घेतलं.

७ नोव्हेंबर
खिडकीजवळच्या पियानोने जीव नकोसा केलाय. पट्टीवरून बोट उचललं की फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, छोटी गादी तारेला टेकते आणि सूर थांबतो. याच्या गाद्या कसरीने खाल्ल्यात, त्यामुळे सूर मरतच नाही. शेजारच्या उचियामाबाई कुंपणावरून म्हणाल्या, पियानो आहे की कानात शिरलेला डास? आजारात शिझुनोला हा आवाज सोसवत नसे, हेही त्यांनीच सांगितलं. अंथरुणातून हात जोडायची, थांबवा. मोरिओ म्हणायचा, मग खायचं काय?

९ नोव्हेंबर
नवं फेल्ट यायला आठवडा. तोवर हा डास! शिझुनोच्या कपाटात राखाडी फेल्टची टोपी होती, काठ कुरतडलेला. ही कोण घेणार? विधीआधी हात लावू नये, कळत होतं, पण चांगलं फेल्ट वाया का घालवा? तुकडे कापून मोरिओला दिले, कशाचे ते सांगितलं नाही. त्याने ते सरसाने चिकटवले. पट्टी सोडताच सूर चट्कन तुटला. म्हणाला, ताई, पियानोच्या कारखान्यात तुलाच नोकरीला ठेवायला हवं!

१२ नोव्हेंबर
देव्हाऱ्यातली घंटा आज घुमली नाही. टण्, आणि संपलं. कुणी तळवा ठेवावा तसं. घासूनपुसून पाहिली. अंग फार दमलंय, त्यामुळेही असेल.

१४ नोव्हेंबर
किटलीला वाफ आली, शिटी नाही. उचियामाबाई रस्त्यावरून बडबडत आल्या. उंबरा ओलांडला आणि नुसते ओठ हलत राहिले. त्या पळाल्या.

१५ नोव्हेंबर
मोरिओला टोपीचं सांगितलं. पांढराफटक पडला. ताई, विधी होईतो ती याच घरात आहे गं, निदान तिला विचारायचं तरी. गाद्या खरवडायला बसला. खोकला आला — अर्धाच. मग तोंड उघडं, श्वास नाही. ओढत अंगणात नेला, तिथे श्वास परतला. आज दोघं उचियामाबाईंकडे निजतोय. उद्या पुन्हा घरात जाणार म्हणतो. ऐकत नाही.

१६ नोव्हेंबर
तो उठायच्या आत आले. टोपी मी कापली, मीच काढीन. दमले — बोलता येत नाही, म्हणून हे लिहितेय. अमिदाचं नाव ओठांतच राहतं. सुरी चालते, आवाज नाही. निम्म्या गाद्या निघाल्या —

मोरिओ दारात आलाय. हाताने म्हटलं, येऊ नकोस —

छातीवर काहीतरी मऊ टेकलं. राखाडी. एक ठोका — मग किती वेळ —

शिझुनो, थांबवते गं, सगळं थांबवते, त्याला मात्र — एक ठो