बुटकं स्टूल

९ जून

आज सभागृहात बोलायला उभा राहिलो. समोर अकरा जण, त्यातले दोघे पेंगत होते! आमच्या बुटांच्या दुकानात सकाळी दहालाही याहून जास्त माणसं असतात.

आमदार निवासातल्या खोलीत दोन खुर्च्या आहेत. दुसरीवर माझा टॉवेल वाळतो.

१२ जून

बायकोचा फोन. दुकानात गर्दी, म्हणून दोनच मिनिटं. "एकच टर्म म्हणाला होतात. चार महिने राहिलेत, मी मोजतेय." मोज बाई. मीही तेच करतोय.

२० जून

दिवसभर माणसं. बदली, ॲडमिशन, शिफारसपत्र. काम झालं की "येतो साहेब." जेवलात का, असं एकानेही विचारलं नाही. पीएने विचारलं, पण त्याला स्वतःचा डबा मागवायचा होता.

पाच वर्षं होत आली तरी इथले चेहरे लक्षात राहत नाहीत, पाय राहतात. मंत्रीसाहेब शेजारून गेले — आठ नंबर, डावा पाय जरा मोठा, बूट चावतो त्यांना. सांगणार कोणाला?

वडिलांची शिस्त होती, गिऱ्हाइकाच्या पायात बूट मालकाने स्वतः घालायचा. बुटक्या स्टुलावर बसून बावीस वर्षं अख्ख्या गावाचे पाय मांडीवर घेतले. त्याच ओळखीवर निवडून आलो. भाषण कुठे येतंय मला!

२ जुलै

सांगून टाकलं! पक्षाध्यक्षांना म्हणालो, यंदा तिकीट नको. हसले. "सगळे असंच म्हणतात. महिनाअखेरपर्यंत अर्ज घेतोय आम्ही."

बायकोला कळवलं. आधी गिऱ्हाइकाला सुटे पैसे दिले. मग म्हणाली, "स्टूल पुसून ठेवते."

१४ जुलै

घरी आलो. दुकान उघडल्या उघडल्या स्टुलावर जाऊन बसलो. पहिल्याच गिऱ्हाईक माझ्या शाळेतल्या बाई. पाच नंबर, उजव्या अंगठ्याचं हाड वाढलेलं — सगळं पाठ! बूट घेऊन वाकलो, तर त्यांनी पाय झटकन मागे घेतला. "अहो साहेब, हे काय! तुम्ही नका!"

"बाई, मी तोच की!"

"छे छे, तसं कसं?" पाय खुर्चीखाली. काही न घेताच गेल्या.

दुपारी शेजारचा शिंपी. जिवाभावाचा दोस्त, आजवर शिवीशिवाय हाक मारली नाही. तोही उभाच. "तुमच्यासमोर बसून पाय पुढे करू? लोक काय म्हणतील?" फार लागलं मनाला.

१९ जुलै

लोक दारातून डोकावतात, मला बघतात, "सहज आलो होतो" म्हणून सटकतात. नाहीतर शिफारसपत्र मागतात. समोरच्या बुटांच्या दुकानातून पिशव्या घेऊन बाहेर पडतात.

"विसरतील हळूहळू," मी म्हणालो. बायको नुसतं "हं" म्हणाली. एकच खोका तिने तीनदा पुसला.

२३ जुलै

"दुकान मी बघते," म्हणाली. तिकिटाचा अर्ज तिनेच आणून माझ्यासमोर ठेवला. पेनचं टोपण काढून.