राजदूत थांबले तेव्हा

दिनांक ९, सोमवार

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

मी, तुझ्या आईचा बाप, वय एकोणऐंशी, कारखान्यातील निवृत्त फिटर, शिक्षण चौथी उत्तीर्ण, कोणाच्याही दबावाविना लिहून देतो की माझी प्रकृती ठीक आहे. तुझ्या आईचे गुडघे पूर्ववत कुरकुरतात. तू परदेशातील नोकरीसाठी अर्ज केल्यापासून आपले बोलणे बंद आहे आणि तू रुग्णालयाच्या वसतिगृहावर मुक्कामाला गेली आहेस, म्हणून हे लेखी.

शनिवारी तुझ्या रुग्णालयात परदेशी राजदूत आले, तेव्हा मीही तेथे होतो. आरोग्य खात्याने गाडी पाठवून बोलावले होते. त्यांचे राष्ट्र, म्हणजे तू अर्ज केलास तेच, आपल्या परिचारिका भराभर नेत आहे, यावरून दोन्ही सरकारांत कुरबुर आहे; तुम्हा सर्वांचे परवाने त्यामुळेच अडकले आहेत. घरच्या वडीलधाऱ्याने राजदूतांसमोर दुःख बोलून दाखवावे, अशी योजना होती.

"आजोबा, एवढंच म्हणा, आमची नात आम्हाला हवी," खात्याचे अधिकारी म्हणाले. "जमलं तर डोळ्यांत थोडं पाणी आणा."

"साहेब, मी फिटर होतो, प्लंबर नव्हे," मी म्हणालो. परंतु वाक्य मला मान्य होते. ते माझ्याच मनातले होते.

राजदूत आणि अधिकारी, दोघेही मान्यवर बुटांवर निळ्या पिशव्या चढवून तान्ह्या बाळांच्या कक्षाशी आले. आधी आत कोणी शिरावे यावर त्यांचे "आपण, आपण" चालले होते. तेवढ्यात काचेतून तू दिसलीस. समोर माझ्या ओंजळीत मावेल एवढे बाळ. तू बोटे एकमेकांवर चोळून उबदार केलीस, त्याचा पंजा दोन बोटांत धरलास आणि दोऱ्याएवढ्या शिरेत सुई घालू लागलीस. दार किलकिले झाले, तेव्हा मान न वळवता म्हणालीस,

"थांबा."

दोन राष्ट्रे थांबली. मीही थांबलो.

मी आयुष्यभर यंत्रे जुळवली. चुकले तर उघडून पुन्हा बसवता येत असे. तुला तशी सवलत नव्हती, आणि तुझा हात हलला नाही. एवढी शांतता मी देवळातही अनुभवलेली नाही.

बाळाने जांभई दिली, तेव्हा आम्ही सर्वांनी श्वास सोडला. राजदूतांनी दुभाष्यामार्फत मला विचारले, "हिला आमच्याकडे पाठवाल का?" अधिकारी माझ्या डोळ्यांकडे पाहत होते.

मी म्हणालो, "पाठवणारा मी कोण? आणि ठेवून घेणारा तरी कोण? तिलाच विचारा. पण हातातलं काम होऊ द्या."

"आजोबा, नाक कापलंत आमचं!" बाहेर आल्यावर अधिकारी म्हणाले. परतीला खात्याची गाडी मिळाली नाही. शोधत आलेल्या तुझ्या आईला मी थेट बसथांब्यावर सापडलो.

परवान्याचे सरकारे पाहतील. माझी हरकत मी येथे मागे घेत आहे. जाणे असो वा राहणे, माझ्याकडे पाहून ठरवू नकोस. तुझी घरातली चप्पल दाराशी आडवी येते, अशी माझी रोजची तक्रार असते. अद्याप ती कोणी हलवलेली नाही.

तुझा,
आजोबा

समक्ष हजर: राजदूत, त्यांचे दुभाषी, खात्याचे अधिकारी आणि ते बाळ. बाळ त्यानंतर झोपी गेले. त्याची साक्ष ते मोठे झाल्यावर घ्यावी.