चंद्रीचे जंत आणि माझी फर्स्ट शिफ्ट

यावल,
गुरुवार

तीर्थस्वरूप भटूनाना यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे जीवरामचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? कमलवहिनींचं बीपी उतरलं का? इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, पण इकडे घरात मी आणि एक आजारी मेंढी एवढेच उरलो आहोत, तेव्हा क्षेम नेमकं कोणाचं लिहू? तुम्ही म्हणाल, फोन का नाही केला. नाना, तुमच्या घरी फोन कायम स्पीकरवर असतो आणि माझी बायको सध्या तुमच्याच ओट्यावर बसलेली आहे. म्हणून पत्र. वाचून झालं की चुलीत घाला.

कुंदा अकरापैकी दहा मेंढ्या छोट्या हत्तीत भरून तुमच्याकडे आली, त्याला आज एकोणीस दिवस झाले. अकरावी चंद्री. तिला उभंच राहता येत नव्हतं, म्हणून ती माझ्या गळ्यात. निघताना कुंदा टेम्पोतूनच म्हणाली, "चंद्री उभी ऱ्हायनी ते फोन करा, मी येस. नही ते तुम्हना काढा तुम्हीच प्या." बत्तीस वर्षं संसार केलेल्या माणसाला, ड्रायव्हरच्या देखत! आणि या सगळ्याचं मूळ कोण? तुम्ही. रागावू नका. किंवा रागवा खुशाल, कारण मी तुमच्यापेक्षा जास्त रागावलेलो आहे.

आमच्या लेकीच्या, भूमिकेच्या, हळदीत तुम्ही मला मांडवाच्या कोपऱ्यात ओढलं होतं, आठवतं? (माझ्या हातात पत्रावळ होती. वरण सदऱ्यावर सांडलं, तो डाग अजून आहे.) तुम्ही म्हणालात, पाव्हनं, मेंढ्यांना जंताचं बाटलीतलं औषध बंद करा, जंत आता त्याला भीक घालत नाहीत. आपलं झाडपाल्याचं द्या. वावडिंग एक मूठ, पळसाच्या बिया एक मूठ, कडुनिंबाचा पाला एक मूठ, उकळा आणि पाजा, आठ दिवसांत मेंढी उड्या मारते. आता मला सांगा, मूठ कोणाची? तुमच्या एका मुठीत माझ्या दोन मावतात. आणि मेंढी केवढी, काढा किती, किती दिवसांनी परत, याचा पत्ता नाही. मी दीपनगरला वीजकेंद्रात तेहतीस वर्षं बॉयलरच्या पाण्यात औषधाचा डोस सोडला, नाना. तिथे मला कोणी 'मूठभर टाका' म्हणालं असतं तर मी त्याला गेटबाहेर काढलं असतं. पण तुम्ही बायकोचे थोरले भाऊ, तुम्हाला कुठल्या गेटबाहेर काढणार?

पळसाच्या बिया आणायला फैजपूरला गेलो, तर दुकानदाराने चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "काका, जंत तुम्हाला की नातवाला?" मेंढीला म्हटलं, तर एक बाई पदर तोंडाला लावून हसली. घरी येऊन बट्टी उकडायच्या मोठ्या पातेल्यात काढा केला. (ते पातेलं मी तीनदा चिंचेने घासलं, तरी त्यात केलेलं वरण कडूच लागत होतं. कुंदाने आपलं वरण वेगळ्या भांड्यात लावलं. ती भांडं बदलते तेव्हा मला धास्ती वाटते.) मग प्रश्न वजनाचा. वजनाशिवाय डोस काढणं माझ्या रक्तात नाही. शेजारच्या लीलाधरकडे केळीची कटाई चालू होती, तिथल्या घड मोजायच्या काट्यावर एकेक मेंढी चढवली. काट्यावर प्रेमराज हमाल होता. त्याला घडाचा दांडा वजा करायची सवय, त्याने प्रत्येक मेंढीमागे दोन किलो लोकर वजा केली. मी म्हटलं, अरे बाबा, मला लोकरीसकट अख्ख्या मेंढीचं वजन हवंय. तो म्हणाला, काका, इथे तशीच पद्धत आहे. पद्धत!

पाजायचं काय वर्णन करू? मेंढी इतकी गरीब दिसते, पण कडुनिंब तोंडाला लागला की तिच्या अंगात येतं. पहिल्या दिवशी अर्धा काढा माझ्या पायजम्यावर गेला. दुसऱ्या दिवशी मी रेनकोट घातला. पंधरा दिवस रोज दुपारी दोनला मी रेनकोट घालून अंगणात उतरायचो, आणि लीलाधरच्या घरची सगळी मंडळी ओट्यावर येऊन बसायची. तरीही मी डोस चुकवला नाही. वहीत वेळ, वजन, मिलिलिटर, सगळं लिहिलं. आणि तरीही चंद्रीच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली, डोळ्याच्या आतली लाली जाऊन तिथे कागदासारखं पांढरं झालं, आणि एका सकाळी ती बसली ती बसलीच.

तेव्हा कुंदा मेघा मॅडमना घेऊन आली. (आमच्याकडच्या नव्या जनावरांच्या डॉक्टर. वय असेल भूमिकेएवढं.) त्यांनी लेंड्या नेल्या, यंत्राखाली पाहिल्या आणि दुसऱ्या दिवशी येऊन विचारलं की मेंढ्या चरायला किती वाजता सोडता. नाना, एवढ्या दिवसांत मला कोणीतरी धड प्रश्न विचारला होता. मी वही पुढे केली. निवृत्त झाल्यावर या घरात शिस्त मी आणली. त्याआधी कुंदा मेंढ्या दहा वाजता सोडायची, स्वयंपाकपाणी आटोपून, चहा पिऊन. मी तिला आळशी म्हणालो होतो, आणि मेंढ्यांना फर्स्ट शिफ्ट लावली होती. सहा वाजून पाच मिनिटांनी फाटक उघडलं म्हणजे उघडलं, आणि मेंढ्या थेट लीलाधरच्या केळीच्या बांधावर, लुसलुशीत ओल्या गवतात, रोज त्याच जागी. एक दिवस खाडा नाही. मॅडमनी चार पानं उलटली आणि शांतपणे सांगितलं की जंताची पिल्लं पहाटे दंवाबरोबर गवताच्या शेंड्यावर चढून बसतात, ऊन तापून गवत वाळलं की खाली उतरतात. म्हणजे काका, तुम्ही सकाळी सहाला जंत चारता आणि दुपारी दोनला काढा पाजता. वावडिंगाला कशाला नावं ठेवायची, म्हणाल्या, झाडपाला द्यायचा तर तोही मोजून, तपासून द्यावा लागतो. पण रोज नवे जंत पोटात घालाल तर कुठलंच औषध पुरायचं नाही.

मागे दारात कुंदा उभी होती. "मी दहा वाजता सोडू ते मी आयशी, नही का?" एवढंच म्हणाली आणि टेम्पोवाल्याला फोन लावला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

आता मला सांगा, यात माझी चूक किती? तुम्ही मूठ सांगितलीत, पण वेळ सांगितली नाहीत. प्रेमराजने लोकर वजा केली. आणि ज्या कुंदाला दहाचं महत्त्व ठाऊक होतं, तिने ते सहा महिने पोटात ठेवलं. (ती म्हणते, रोज सांगत होते. वहीत तशी नोंद नाही.) मला वाईट याचं वाटतं की माझ्या एवढ्या मेहनतीची कोणाला काही किंमतच नाही. घर खायला उठतं, नाना. खिचडी रोज खाली लागते.

वहिनींना नमस्कार. माझा राग कमी झालेला नाही, याची नोंद घ्यावी.

आपला
जीवराम

ता. क. : चंद्री सोमवारी उभी राहिली. मॅडमच्या औषधाने, आणि मॅडमनी मापाने ठरवून दिलेल्या पळसाच्या बियांच्या पुडीने. आज चौथा दिवस, चारा खाते, पिशवी उतरली. मी फोन केलेला नाही, कारण केला तर कुंदा पहिला प्रश्न कोणता विचारणार हे मला ठाऊक आहे. तुम्हीच सांगा तिला. लीलाधरकडून कळलं म्हणा.

ता. क. २ : तो प्रश्न तिने तुम्हालाच विचारला, तर दहा वाजता म्हणा. आधी मी बांधावर जाऊन गवतावर तळहात फिरवतो, ओल लागली तर सव्वादहा. आणि जंताचं पत्रात लिहिलं तसं सांगू नका, 'तुझंच बरोबर होतं असं तो म्हणतो' एवढंच सांगा. मला ते तोंडाने म्हणणं जमेल असं वाटत नाही, मी तीन दिवस चंद्रीसमोर सराव करून पाहिला.

ता. क. ३ : तिला दुपारच्या गाडीत बसवा, मेंढ्या मागून टेम्पोने येऊ द्या. स्टँडवर घ्यायला मी येतो. सकाळची गाडी मुळीच नको, दहाला मला चंद्रीला सोडून हलता येत नाही.