उघाडीजवळची पाणमांजरं

खांदेश्वर
६ ऑक्टोबर २०२४

ती. तात्यांस,

क्षिप्राचा शि. सा. नमस्कार, आईचाही. आम्ही दोघी बऱ्या आहोत. तुमच्या घशाची काळजी मात्र रोज असते. ऑपरेशनमध्ये आवाज गेल्यापासून फोनवर मी एकटीच बोलत राहते आणि तुम्ही पलीकडे टिचकी वाजवता, त्यापेक्षा पत्र बरं. शिवाय दुसरीपर्यंत दम्यामुळे मी शाळेऐवजी तुमच्या ओटीवर शिकले. त्यामुळे तुम्हाला लिहायला बसलं की अक्षर आपोआप नीट येतं.

तळवलीत तुम्ही सगळ्यांना मी जनावरांच्या बँकेत आहे असं पाटीवर लिहून दाखवता, असं आई सांगत होती. बँक नाही हो. परदेशातल्या एका घराण्याचं ते खाजगी फाउंडेशन आहे. जगात कुठेही कोणी एखादा प्राणी वाचवायला धडपडत असेल, तर त्याला मदत करतं. आशियातले अर्ज आधी बेलापूरला आमच्याकडे येतात आणि पहिलं वाचन माझं असतं. मागच्या आठवड्यात फिलिपिन्सच्या एका मास्तरांनी डोंगरातल्या बेडकासाठी अर्ज केला. बेडूक केवढासा ते कळावं म्हणून त्यांनी तो स्वतःच्या नाकावर बसवून फोटो काढला आहे. तुम्हीही हेच केलं असतं.

आता पत्राचं खरं कारण. परवा एक अर्ज उघडला आणि पहिल्याच ओळीत तळवली दिसलं. खाडीचा जुना बांध, त्यातली उघाडी, तिच्या दगडांत पाणमांजराची मादी आणि तीन पिल्लं, अर्जदार तुमचा मिथुन. उघाडीचं इंग्रजीत ‘भरतीचं दार’ असं केलेलं पाहिलं आणि भाषा तुमचीच ते ओळखलं. मी तिथेच थांबले. अर्जदार माझा चुलतभाऊ आहे, असं लिहून दिलं. आता अर्ज माझ्याकडे नाही, तो परस्पर मुख्य ऑफिसला गेला.

निकाल लागेपर्यंत मी तळवलीला येणार नाही. तसा नियम नाही, पण अर्जदाराच्या घरी जेवून आलेली मुलगी त्याच ऑफिसात बसलेली मला बरी वाटत नाही. म्हणजे भाऊबीजही राहील. मिथुनला तुम्हीच समजवा. मी बरोबर केलं ना, एवढं एका ओळीत कळवा.

लोभ आहे तेवढा राहू द्या आणि गार पाणी पिऊ नका.

तुमची
क्षिप्रा


तळवली
१४ ऑक्टोबर २०२४

चि. क्षिप्रा हिस तात्याचे अनेक आशीर्वाद.

एका ओळीत सांगायचं तर बरोबर केलंस. पुढचं सगळं तुझ्या काकूच्या आग्रहाने लिहितो आहे. ती म्हणते, लहानपणी लाडवाचा डबा उघडा असला तरी ही पोर विचारल्याशिवाय घेत नसे, आणि विचारायला घरात कोणी नसलं तर उपाशी बसे. तेव्हा तिला त्याचं कौतुक होतं. आता ते राहिलं नाही, असंही तुला कळवायला सांगितलं आहे.

मिथुनला मी लिहून समजावलं. त्याने कागद वाचला आणि अंगणात जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की आपली बहीण साहेबीन झाली, पुढच्या वर्षीपासून ओवाळणीलाही अर्ज करावा लागेल, सोबत दोन फोटो. शेजारी हसले. तो हसला नाही.

पाणमांजरं मजेत आहेत. मी सकाळी काठी टेकत बांधापर्यंत जातो. मोठं पिल्लू पाण्यात उतरायला भितं. काल आईने त्याचं मानगूट धरून त्याला खाली नेलं आणि सोडून दिलं. ते इतकं ओरडलं की मला मुलांचा शाळेतला पहिला दिवस आठवला.

एक गोष्ट तुला माहीत असावी म्हणून लिहितो, आग्रह म्हणून नव्हे. बांधापलीकडच्या खाजणाच्या दलदलीत एका ठेकेदाराचा भराव सुरू झाला आहे. डिसेंबरात काम उघाडीपर्यंत येईल, असं त्याचा मुकादम आपल्याच ओटीवर चहा पिताना सांगून गेला. गावातल्या पुष्कळांना भराव हवा आहे. त्यांना दोष देत नाही, आपणही जुन्या शेतावर चाळ बांधलीच. वनखात्यातले साहेब भले आहेत. ते म्हणाले, जाणत्या माणसाच्या सहीचा कागद आणा, काम थांबवून पाहणी करतो. मिथुनने मोबाइलवर काढलेल्या फोटोत पाण्यावरची रेघ दिसते, जनावर दिसत नाही. तुमचं फाउंडेशन असा माणूस पाठवू शकतं, म्हणून हा अर्ज.

आईस नमस्कार. तुझ्यावरचं आमचं प्रेम ऑफिसच्या नियमात बसत असेल तर ठेवून घे.

तात्या


खांदेश्वर
१९ नोव्हेंबर २०२४

ती. तात्यांस,

शि. सा. नमस्कार वि. वि.

भाऊबीजेला आईने ताट केलं होतं. मी चंद्राला ओवाळलं. मिथुनला हे सांगू नका, तो त्यावरही काहीतरी बोलेल.

मला एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे आणि चार दिवस ती लिहून होत नाहीये. मुख्य ऑफिसातून तळवलीच्या अर्जावर विचारणा आली. अर्ज मनापासून लिहिलेला वाटतो, पण पुरावा नाही. बेलापूरच्या ऑफिसात कोणी या ठिकाणी पाणमांजर स्वतः पाहिलं आहे का? असेल तर एक ओळ लिहा, आम्ही आठ दिवसांत माणूस पाठवतो.

आमचे वरिष्ठ विश्वजित सर यांनी ही ओळ मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर वाचली आणि कोणी पाहिलंय का असं विचारलं. आम्ही पाच जण होतो. तात्या, मी पाहिलं आहे. सात वर्षांची असताना तुमच्या खांद्यावर बसून पाहिलं. नंतर अकरावीत असताना, आणि मागच्या वर्षी गौरीच्या दिवशी, तुम्ही आणि मी. त्याच दगडांत. मी माझ्या पेनाकडे बघत राहिले.

बोलले असते तर घरच्या माणसासाठी साक्ष दिल्यासारखं झालं असतं. मीटिंगनंतर सरांच्या केबिनमध्ये जाऊन मी नात्याबद्दल लिहून दिल्याची आठवण करून दिली. ते म्हणाले की मग मत दिलं नाहीस ते उत्तम. त्यांनी विचारलं असतं की तू पाहिलंयस का, तर मी सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही. मी दारापर्यंत जाऊन एकदा थांबलेही.

उत्तर गेलं ते असं: बेलापूर ऑफिसात या ठिकाणाची प्रत्यक्ष माहिती कोणालाही नाही. ते माझ्यासमोर टाइप झालं. आयुष्यात मी कधी खोटं लिहिलेलं नाही, आणि हेही मी लिहिलेलं नाही. पण ते खोटं आहे आणि ते मला माहीत आहे. अर्ज आता तातडीच्या यादीतून निघून फेब्रुवारीच्या यादीत गेला.

तुम्ही म्हणाल तर मी उद्या सरांना सगळं सांगते. तुमच्या उत्तराची वाट पाहते. लोभ करा असं लिहायला आज हात धजत नाही.

क्षिप्रा


तळवली
१३ डिसेंबर

क्षिप्रे,

मान्सा लिवतात तसा वि. वि. मना येत नाय. तुला लिवू नको असा तात्यांनी पाटीवर लिवलाय, तरी लिवतो.

तुजा पत्र आला तवा तात्या दवाखान्यात होते. घशाला सूज आलती, बारा दिस ठेवला. आईने पत्र देवापुढं ठेवला आनि इसरली. दोन तारखेला ते घरी आले तवा त्यांनी वाचला. वाचून पाटी मागितली आनि नुसते बसून ऱ्हायले. मना वाटला तब्येत बिघडली. मंग मी वाचला.

तुला तात्यांच्या परवानगीची वाट बगायची होती. चांगला हाय. डंपरवाले कोनाची वाट बगत नवते.

पाच तारखेला सकाली जेसीबी बांधावर चढला. मी आडवा गेलो. मुकादम वलखीचा, त्यानी माजा हात धरून मना बाजूला बसवला, म्हनला भाऊ, कागद हाय का, कागद दाव, मी आता मशीन बंद करतो. माज्याकडं काय होता, मोबाइलवरची रेग. वनखात्याच्या सायबांना फोन केला, ते दोन तासांत आले पन. तवर दगड निगाले होते. मादी एक पिल्लू तोंडात धरून खाडीत गेली, मी बगितली. परत आली ती दुसऱ्यासाठी, मातीवर फिरली, ओरडली, परत गेली. तीन येला आली. मंग नाय आली. दोन पिल्ला मातीखाली ऱ्हायली.

सायबांनी टोपी काडली. म्हनले आठ दिस आदी आला असता कागद तर.

तात्या सगल्यांना लिवून दावतात, पोरीचा चुकला नाय. मी म्हनतो चुकला. तुला मी बहीन म्हनून बोल नवतो सांगत. तू बगितला होतास, येवडाच बोलायचा होता. परका मानूस बोलला असता.

लोभ बिभ काय लिवत नाय.

मिथुन


खांदेश्वर
९ जानेवारी २०२५

ती. तात्यांस,

नमस्कार.

मिथुनचं पत्र मिळालं. त्याला उत्तर लिहायला तीनदा बसले. तो लिहितो ते सगळं खरं आहे आणि त्याला त्यावर माझं उत्तर नकोच आहे.

ते आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी विश्वजित सरांना सांगितलं. पाणमांजरं मी तीनदा पाहिली होती, मीटिंगमध्ये गप्प बसले आणि आपलं उत्तर खोटं गेलं.  ते म्हणाले की नातं कळवलं की फक्त मत द्यायचं नसतं. तू डोळ्यांनी काय पाहिलंस ते सांगायला कोणी बंदी केली होती? नातं सांगून मग पाहिलेलं सांगायचं, एवढं साधं होतं, आणि हे मला माहीत असेल असं त्यांनी धरलं होतं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी राजीनामा दिला. त्यांनी तो परत केला. म्हणाले, चूक झाली म्हणून निघून जायचं असेल तर इथे कोणीच उरणार नाही. मी रोज जाते. अर्ज उघडते. परवा नेपाळच्या एका बाईंनी पाणपक्ष्यांसाठी अर्ज केला. त्यात लिहिलं होतं की तळं आमच्या दारासमोर आहे, म्हणून आमच्याशिवाय कोणी पाहिलेलं नाही. मला पुढे वाचता येईना.

काल तळवलीची फाइल बंद झाली. फाइल बंद करताना कारण निवडावं लागतं. तीनच कारणं दिलेली आहेत: अर्जदाराने माघार घेतली, अर्जदार हयात नाही, किंवा प्राणी आढळला नाही. घडलं ते चौथं होतं आणि त्याला जागा नव्हती. मी सरांना म्हटलं की खाली लिहू द्या. ते म्हणाले की नातेवाइकाला या फाइलवर लिहिता येत नाही. मग त्यांनीच तिसऱ्या कारणावर खूण केली. आता जगात कुठेही कोणी ही नोंद उघडली, तर तळवलीच्या उघाडीजवळ पाणमांजर आढळलं नाही, असंच वाचेल. मुख्य ऑफिसला मी माझ्या नावाने वेगळं पत्र लिहिलं आहे. पोचल्याचं उत्तर आलं, त्यात आभार मानले होते.

तात्या, तुम्ही सगळ्यांना दाखवता तसं मला लिहून पाठवू नका. माझं चुकलं नाही असं लिहिलेला तुमचा कागद मला वाचवणार नाही.

क्षिप्रा


तळवली
१५ जानेवारी २०२५

चि. क्षिप्रा,

तसं लिहीत नाही. तुझं चुकलं.

आणि ते तू कुठे शिकलीस तेही लिहितो, कारण मिथुनला मी ते परवा लिहून सांगितलं आणि तुला न सांगणं बरं नव्हे. तो चौथीत होता आणि मी मुख्याध्यापक. शिष्यवृत्तीच्या परीक्षेचे फॉर्म माझ्या सहीने जात. हेडमास्तरने आपल्याच पोराचा फॉर्म पुढे केला असं कोणी म्हणू नये, म्हणून मी तो दुसऱ्या शाळेच्या मास्तरांकडे सहीला पाठवला. ते गावाला गेले होते. तारीख टळली. बत्तीस मुलं परीक्षेला बसली, तो एकटा बसला नाही. त्याला मी सांगितलं की तुझा अभ्यास कच्चा होता. अभ्यास पक्का होता. त्या संध्याकाळी तू ओटीवर पाढे म्हणत होतीस आणि मी तुला समजावत होतो की आपल्या माणसासाठी आपण कधी पुढे होऊ नये. मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

मिथुनने ते वाचलं. म्हणाला, त्याला ते सहावीतच कळलं होतं. एवढं म्हणून तो होडी सोडायला गेला.

बांधावर आता जाता येत नाही, माती ओली आहे. मादी दिसलेली नाही. तिची एखादी खूण कुठे दिसेल म्हणून मिथुन होडी घेऊन दिवा गावाच्या बाजूपर्यंत रोज जाऊन येतो. आला की हात धुतो आणि जेवतो. मी विचारत नाही.

रविवारी ये. काकूने खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण करायचं ठरवलं आहे. मिथुन त्या दिवशी घरी नसेल, त्याने तसं सांगून ठेवलं आहे, तरीही ये. तुझं त्याच्याशी बोलणं कधी होईल ते मला माहीत नाही, आणि होईलच असंही मी लिहिणार नाही.

आशीर्वाद आहेतच. त्यांचा उपयोग किती होतो ते तू पाहतेसच.

तात्या