जीपमधली उजवी सीट

८ जानेवारी १९६१, रविवार

दमले! आत्ता कुठे ओटा पुसून बसले. आज पुन्हा बर्फाच्या गप्पा. सकाळी चहाबरोबर सुरू झालेला बर्फ दुपार कलली तरी वितळायचं नाव नाही.

ह्यांच्या जीपवाल्या मंडळींना आता डोंगर पुरेनासे झालेत. लढाई संपल्यावर मिलिटरीने लिलावात काढलेल्या जीपा ह्या लोकांनी घेतल्या, तेव्हापासून आमचा रविवार आमचा राहिला नाही. इथल्या कानडी मुलखातल्या सावनदुर्गामागच्या वाटा झाल्या, नंदीच्या डोंगराच्या पायथ्याचे धोंडे झाले, आनेकलपलीकडचं रान झालं. आता म्हणे काश्मीर! सोनमर्गला एप्रिलात रस्त्यावर बर्फ असतो, त्यात जीप घालायची. ह्यांच्यापैकी एकानेही जन्मात बर्फ पाहिलेला नाही — सरबतातला सोडून.

नंदकिशोर ह्यांच्याच फॅक्टरीतले. त्यांनी जेवायच्या टेबलावर हिंदुस्थानचा नकाशा पसरला आणि तो उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर माझ्या वाट्या ठेवल्या. अप्पासाहेब आपले बशीत चहा ओतून शांत. कब्बनपेठेत त्यांची लाकडाची वखार आहे. 'आम्ही शहाजीराजांसंगं आलो' असं ते काल आल्यासारखं सांगतात. मला म्हणाले, 'सुलभाक्का, स्वल्प साखर घाला की अजून.' घातली.

मी वाट्यांची वाट बघत उभी! वरण कशात वाढू?

१० जानेवारी

कुणाला सांगितलेलं नाही, इथे लिहिते. मलाही बर्फ बघायचाय. हसू येतं लिहितानाही. या वयात!

पण का नाही? ह्यांची जीप मी नसले तर चालते कुठे? मिलिटरीची गाडी, स्टिअरिंग डाव्या बाजूला. पुढे एखादी लॉरी आली की ह्यांना लॉरीची पाठ तेवढी दिसते. समोरून कोण येतंय ते दिसतं उजवीकडे बसणाऱ्याला. म्हणजे मला. मी बाहेर वाकून बघायचं आणि सांगायचं — 'जाऊ द्या' किंवा 'थांबा!' वर्षानुवर्षं हेच करत आलेय. धुळीने केसांचा खराटा होतो, पण ह्यांनी माझ्या शब्दाशिवाय कधी लॉरी ओलांडली नाही. घरात एवढं ऐकत नाहीत माझं.

विद्या नागपूरला सासरी गेल्यापासून तर दोघंच असतो जीपमध्ये. मागची सीट रिकामी.

२२ जानेवारी, रविवार

आज के. आर. पुरमच्या बाजूला एका आटलेल्या तळ्यात बर्फाची तालीम! नंदकिशोरांनी कुठूनशा मिलिटरीच्या साखळ्या मिळवल्या आहेत, चाकांना गुंडाळायच्या. म्हणे चिखल आणि बर्फ सारखेच. साखळ्या बांधून तिन्ही जीपा चिखलात घातल्या. तिन्ही रुतल्या. पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा ओढून झाला, एकमेकांना शिव्या घालून झाल्या, मग शेजारच्या शेतातल्या यल्लव्वाची बैलजोडी आणली. तिने कमरेवर हात ठेवून विचारलं, 'यात उतरायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?' अप्पासाहेबांनी कानडीत उत्तर दिलं — आपल्याच खुशीने उतरलो. यल्लव्वा पदर तोंडाला लावून हसली. तिने आम्हाला ताक दिलं, बैलांना चारा दिला.

अप्पासाहेबांच्या सोयराबाईही आल्या होत्या. त्यांची जीपही तसलीच, डाव्या हाताची. पण समोर लॉरी दिसली की सोयराबाई डोळे मिटून घेतात. 'मग तो देव बघंल नाही तर हे बघतील!' म्हणतात. येताना अप्पासाहेब सबंध वाट एका गवताच्या गाडीच्या मागे बैलाच्या चालीने आले.

पाठ मोडून गेलीय. ह्यांचे कपडे भिजत घातलेत, चिखल निघेल असं वाटत नाही.

५ फेब्रुवारी, रविवार

ठरलं. एका जीपमध्ये दोन पुरुष. बायका नकोत.

मी शिऱ्याच्या बशा घेऊन दारात होते. नंदकिशोर म्हणाले, 'लेडीजचं तिकडे फार अवघड होतं हो. थंडी, मुक्काम, सतरा भानगडी.' हरी — ह्यांच्या हाताखालचा नवा मुलगा, अजून लग्न नाही — तो ह्यांच्या शेजारी उजवीकडे बसणार. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे नकाशाकडे बघत होते.



शिरा मात्र सगळ्यांनी दोनदा घेतला.

६ फेब्रुवारी

बोलले नाही दिवसभर. ह्यांच्या लक्षात आलं नाही.

१० फेब्रुवारी

आज सरळ विचारलं. 'मला यायचंय. तुम्ही त्यांना सांगाल का?' हे बूट काढत होते. म्हणाले, 'बघू.'

ह्यांचं 'बघू' मला पाठ आहे. स्वयंपाकघरात दुसरी खिडकी पाडायची तेव्हाही 'बघू' होतं. अजून भिंतच बघतेय.

१९ फेब्रुवारी, रविवार

देवा! वाचले दोघं.

आज आनेकलच्या रस्त्याने तालमीला गेले, उजवीकडे हरी. परत येताना पुढे उसाची लॉरी. हे डोकावले, काही दिसेना. हरी काही बोलला नाही, तेव्हा रस्ता मोकळा असेल असं धरून ह्यांनी गाडी बाहेर काढली. समोर बस! कशीबशी परत आत घातली, पण बस उजवीकडून घासून गेलीच. उजवं मडगार्ड फाटून लोंबतंय. हरीचा गुडघा फुटला, प्लास्टर घालावं लागलं. ह्यांना खरचटलंसुद्धा नाही.

मी आधी रडले, मग ओरडले. मग चहा केला. दुसरं काय करणार?

२१ फेब्रुवारी

हरीला बघायला गेले. बिचारा खोलीत एकटा, पाय उशीवर. भात आणि सार नेलं होतं. मी विचारलं, 'बस दिसली नाही का रे तुला?' खाली बघून म्हणाला, 'दिसली होती, वहिनी. पण साहेबांनी गिअर टाकला होता. साहेबांना थांबा कसं म्हणायचं?'

मला हसावं की रडावं कळेना. जीव जाईल पण साहेबांना थांबा म्हणणार नाही! फॅक्टरीत दिवसभर 'येस सर' म्हणायचं, ते जिभेवरून रविवारी कसं उतरणार? ह्यांना जाऊन सांगितलं. हे लोंबणारं मडगार्ड चाचपत राहिले. मग म्हणाले, 'तू कशी ओरडतेस गं माझ्यावर...' तक्रार नव्हती ती.

२६ फेब्रुवारी, रविवार

आज नकाशाच्या आधी माझा विषय निघाला. नंदकिशोर घसा खाकरत म्हणाले, 'वहिनी, आमचं काय झालं...' अप्पासाहेबांनी त्यांना तोडलं. 'उगं कशाला लांबण? अक्का, उजवीकडं तुम्हीच बसा. सोयरा पण येते म्हणते. सरी?'

मीही त्यांच्याच कानडीत म्हटलं, 'सरी.'

एवढंच म्हटलं. आत जाऊन मोरीत तोंडावर पाणी मारलं. जाणार मी! बर्फ बघणार!

१२ मार्च, रविवार

ह्यांची रजा मंजूर. पंधरा एप्रिलला निघायचं — अनंतपूर, कर्नूल, हैदराबाद, मग नागपूरला विद्याकडे मुक्काम. तिला लिहिलं. दोन लोकरी शाली काढून उन्हात टाकल्या, डांबराच्या गोळ्यांचा वास जात नाही. चिवडा, चकल्या, मेतकूट सुरू. हात दुखतात. दुखू देत.

२६ मार्च, रविवार

मडगार्ड ठोकून झालं. आता हे म्हणतात क्लच प्लेट बदलायला हवी. बदलू.

२ एप्रिल, रविवार

क्लच प्लेट बदलली. आता टायर. टायर चांगले आहेत, मीसुद्धा सांगू शकते. मग म्हणाले हैदराबादेपलीकडे ऊन फार असेल. मग म्हणाले या वर्षी बर्फ लवकर वितळला तर? नंदकिशोर चिडले, 'अहो रत्नाकरराव, तुम्हीच तर सगळं जमवत आणलंत!' हे नकाशाची घडी घालत राहिले. घडी काही जमत नव्हती.



९ एप्रिल, रविवार

सांगून टाकलं ह्यांनी. सगळ्यांसमोर. 'तुम्ही पुढे जा. आम्ही पुढच्या वर्षी येतो.' आम्ही! मला विचारलंसुद्धा नाही.

मंडळी गेल्यावर मी भांडले. इतकी कधी भांडले नसेन. 'भीती वाटते का? अपघाताची?' तर नाही. 'माझी अडचण होते?' नाही. 'मग काय?' शेवटी खुर्चीत बसले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, 'जाऊन आलो, की संपलं सगळं. मग रविवारी आपल्याकडे कोण येणार? विद्या गेल्यापासून हे घर...'

मी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत आले.

१० एप्रिल

रात्री राग नव्हता. आज सकाळी हे कामावर गेले आणि आला.

म्हणजे इतकी वर्षं मी लाटलं, तळलं, वाट्या धुतल्या, ते कधीच न जाण्यासाठी? ह्यांना एक रविवार रिकामा नको. आणि माझा सोमवार? मंगळवार? हे आठला फाटकाबाहेर पडतात, मग दिवसभर या घरात मी आणि घड्याळ. विद्याची खोली रोज झाडते, कोण वापरतं म्हणून झाडते? मी कधी कुणाला म्हटलं का, माझ्यासाठी माणसं जमवा म्हणून?

वाईट वाटतं ह्यांच्यासाठी. खूप वाटतं. पण तरी बर्फ बघायचाय. दोन्ही एकदम वाटतंय आणि त्यानेच जास्त दमायला होतं.

१२ एप्रिल

हे फॅक्टरीत असताना अप्पासाहेब आणि सोयराबाई येऊन गेले. ते शनिवारी निघणारच. दुसऱ्या जीपमध्ये नंदकिशोर आणि त्यांचा मेहुणा. अप्पासाहेबांना काळजी एकच — सोयराबाईंचे मिटलेले डोळे. 'काश्मीरपर्यंत गवताच्या गाड्यांमागंच जायचं मग,' म्हणाले आणि स्वतःच हसले. सोयराबाई हसल्या नाहीत. माझा हात धरून म्हणाल्या, 'अक्का, मी मागं पोत्यांत बसते की. मला तिथंच बरं.'

मी डाळिंब सोलून दिलं.

१३ एप्रिल

ह्यांना जेवताना सांगितलं, मी जातेय. हात ताटातच थांबला. 'एकटी?' म्हणाले. मी म्हटलं, 'एकटी कशी? अप्पासाहेब आहेत, सोयराबाई आहेत. तुम्ही या, तर तुमच्या शेजारी बसते.' म्हणाले, 'बघू.'

१४ एप्रिल

बॅग भरली. रिकामी केली. परत भरली.

१५ एप्रिल, शनिवार. अनंतपूर

अप्पासाहेबांच्या जीपमध्ये, उजवीकडे मी. हे आले नाहीत. पहाटे फाटकात उभे होते, अंगात कालचाच सदरा. काही बोलतील असं वाटलं. विचारलं फक्त, 'मी उद्या काय करू?' मी म्हटलं, 'हरीला जेवायला बोलावलंय. कुबड्या घेऊन येईल तो. स्वयंपाक तुम्ही करा.' मान हलवली त्यांनी. मग म्हणाले, 'मीठ कुठल्या डब्यात असतं?'