मला न दिसलेली हिरवी ज्योत

सर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, की आता तुम्हाला मध्येच तोडून बोलता येणार नाही. म्हणूनच लिहायला बसलो. तुमच्यासमोर माझं एकही वाक्य कधी पुरं झालं नाही. "सर, मला वाटतं..." एवढं म्हटलं, की तुम्ही हात वर करायचात, "तुला काय वाटतं ते ऱ्हाऊ दे. ज्योत काय म्हणती ते सांग." ज्योत काय म्हणते ते मला कधीच कळलं नाही. तरीही फ्रिजमधला आणि एसीमधला गॅस कुठून गळतो ते शोधण्यात माझं सगळं आयुष्य गेलं, आणि चांगलं गेलं. हे तुम्हाला ठणकावून सांगायचं राहून गेलं होतं. मी माफी मागायला लिहीत नाही आणि आभार मानायलाही नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

छावणीतला तुमचा तो क्लास आठवतो. पत्र्याची शेड, मे महिन्यात आत पाय ठेववत नाही, आणि तिथंच घामाघूम होत तुम्ही आम्हा बारा-पंधरा जणांना थंडावा कसा तयार होतो ते शिकवताय. टेबलावर भंगारातल्या फ्रिजच्या तांब्याच्या नळ्या मांडलेल्या. तुमच्या हातात तो पितळी दिवा. खाली इंधनाची लहानशी टाकी, वर तांब्याची चकती तापवणारी ज्योत आणि बाजूला लोंबणारी रबरी नळी. त्या नळीचं तोंड एकेका जोडावरून हळूहळू फिरवायचं. कुठं गॅस बाहेर येत असला की नळी तो ओढून घेते आणि निळसर ज्योत हिरवी होते. बस्स, गळती तिथंच. तुम्ही हे दाखवायचात तेव्हा सगळा वर्ग एकदम "आहा" करायचा. मीही करायचो, फक्त अर्धा क्षण उशिरा.

कारण मला ज्योत आधी होती तशीच दिसत राहायची. गळती मोठी असली की ती झगझगीत निळी व्हायची, तेवढं मला कळायचं. पण बारीक गळतीचा तो फिका हिरवा रंग मी आजवर पाहिलेला नाही. माझ्या डोळ्यांचं हे लहानपणापासूनचं. सोयगावला आमच्या मळ्यात मिरचीची तोडणी असली, की माझ्या टोपलीत लाल मिरच्यांबरोबर हिरव्याही यायच्या आणि वडिलांची चपराक बसायची. आईच्या मात्र लवकर लक्षात आलं. ती शेजारी बसून म्हणाली, "रंगाकडं बघूच नको तू. दाबून बघ. पिकलेली मिरची बोटाला मऊ लागती." दोन दिवसांत मी सगळ्यांच्या बरोबरीनं तोडायला लागलो. हे तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, हे मान्य. पण सांगितलं असतं तर तुम्ही पहिल्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

मग मी लबाडी केली. शहागंजातल्या एका बांगडीवाल्याचा मुलगा क्लासमध्ये माझ्या शेजारी उभा राहायचा, आठवतो का? त्याच्याशी माझं ठरलं होतं. माझ्या हातातली ज्योत हिरवी झाली की तो खोकायचा. चार महिने तो खोकला. तुम्ही त्याला एकदा अडुळशाचा काढासुद्धा सुचवला होता. परीक्षेच्या दिवशी माझी पाळी आली आणि तुम्ही त्याला म्हणालात, "जा रे, माठातलं पाणी आण माझ्यासाठी." तो गेला. मी नळी फिरवतोय, ज्योत तशीच्या तशी, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरतोय. शेवटी एका जोडावर थांबलो आणि मनाचा हिय्या करून म्हणालो, "हितं, सर." तुम्ही इतके शांत होतात की मला वाटलं, जमलं.

"ह्या नळीत गॅसच भरलेला नाय," तुम्ही म्हणालात.

त्यानंतर तुम्ही जे केलंत ते मी विसरलेलो नाही. वायरींचा गुंता टेबलावर टाकलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "ह्यातली हिरवी वायर काढ." मी काढली ती तपकिरी निघाली. पोरं हसली. पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभा असलेला माझा मित्र एकटाच हसला नाही. मी म्हणालो, "सर, मी साबणाच्या फेसानं गळती शोधून दाखवतो. घरी करून पाह्यलंय." तर तुम्ही म्हणालात, "फेस? भांडी घासायचं काम हाय ते, मेकॅनिकचं नाय. अरे बाबा, हा डोळ्याचा धंदा हाय. गावाकडं जमीन हाय ना? जा तिकडं. कुणाचं तरी नुकसान करून ठिवशील." दाखला द्यायचा तर प्रश्नच नव्हता. मी पिशवी उचलली आणि निघालो. लबाडीबद्दल हाकललं असतंत तर मी आज एक अक्षर लिहिलं नसतं. तुम्ही हाकललंत ते डोळ्यांबद्दल. वर, मला येणारी एक रीत सगळ्यांसमोर हिणवून.

गावाला मात्र मी गेलो नाही. आठवडाभर बांगडीवाल्यांच्या घरीच पडून होतो. मग त्या मित्रानंच शहागंजातल्या एका फ्रिज दुरुस्तीच्या दुकानात नेलं. मालकांनी दाखला मागितला नाही. कोपऱ्यातल्या एका फ्रिजकडं बोट दाखवून म्हणाले, "हा चौथ्यांदा आलाय. सांग काय झालंय." मी आधी पंखा बंद करायला लावला आणि कान लावला. मग मागच्या नळ्यांवरून बोट फिरवलं. गॅसबरोबर आतलं तेलही थोडं थोडं बाहेर पडतं, त्याच्यावर धूळ बसते, आणि तो चिकटपणा बोटाला लागतो. लागला. तिथं रिठ्याचा फेस लावला. आईनं सोयगावहून डोकं धुवायला दिलेले रिठे होते ते. त्यांचा फेस साबणापेक्षा दाट येतो आणि टिकतो. आम्ही दोघं बघत बसलो. फेसात एक फुगा आला, ज्वारीच्या दाण्याएवढा, मग वाटाण्याएवढा, मग फुटला आणि त्याच जागी पुन्हा आला. मालक म्हणाले, "हौ, यही है." मी त्या दुकानात पुढं एकोणीस वर्षं काढली.

तिथंही मला वाकवायचे प्रयत्न झाले. गळती शोधायला वेळ जातो, आणि गिऱ्हाईक घाईत असतं. मग बहुतेक जण वरचेवर नुसता गॅस भरून देतात. महिनाभर फ्रिज गार होतो, गिऱ्हाईक खूश, महिन्यानं पुन्हा बोंब. मालक ओरडायचे, "अरे भर गॅस आणि मोकळा हो!" मी म्हणायचो, गळती सापडल्याशिवाय भरणार नाही. ते दोनदा मला घरी जा म्हणाले. मी दोनदा दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन दुकान झाडलं आणि कामाला लागलो. पुढं पुढं लोक दारात येऊन विचारायला लागले, तो फेसवाला आहे का? सर, तुमच्या क्लासमधले ते हसणारे, त्यांच्यातले दोघं अडलेली कामं माझ्याकडं घेऊन यायचे. मी त्यांना चहा पाजायचो आणि थांबवून ठेवायचो. तेवढा दुष्टपणा मी केला, आणि मजेत केला.

आणि मग तुमच्या घरची तक्रार आली. पत्ता छावणीतला होता, पण ते घर तुमचं असेल हे मला दारात उभं राहीपर्यंत माहीत नव्हतं. दार तुमच्या पत्नीनं उघडलं. "या. सकाळपासून ह्यांचं तेच चाललंय," त्या म्हणाल्या. "दोनदा गॅस भरला, दोन्हीदा महिन्यात गेला. माझं इन्शुलिन शेजारणीच्या फ्रिजात नेऊन ठिवलंय. रोज किती वेळा तिचं दार वाजवू?" आत तुम्ही फ्रिज भिंतीपासून पुढं ओढून त्याच्या मागं स्टुलावर बसला होतात. केस पांढरे झालेले, चष्मा जाड झालेला. हातात तोच पितळी दिवा, पेटलेला. माझ्याकडं न बघताच तुम्ही म्हणालात, "सगळे जोड तपासले. ज्योत बदलंना. म्हंजी गळती नाय. काँप्रेसरच गेला असंल."

मी तुमच्या तोंडाकडं बघत राहिलो. तुम्ही नळीचं तोंड एका जोडावर धरता, ज्योतीकडं डोळे बारीक करून बघता, थांबता, पुन्हा बघता. आत्ता बदलेल, आत्ता बदलेल, असं तुम्हाला वाटतंय. सर, तो चेहरा मी आतून ओळखतो. चार महिने तो माझा चेहरा होता. मी म्हणालो, "ह्या फ्रिजात नवा गॅस हाय सर. जुन्या गॅसात क्लोरीन असायचं, ह्यात नाय. ही ज्योत कितीबी धरा, हिरवी होणार नाय." तुम्ही विचारलंत, "कुणालाच दिसणार नाय?" मी म्हणालो, "कुणालाच नाय." मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? अगदी पोटातून आनंद झाला.

तुम्ही दिवा विझवलात. मी नळ्यांवरून बोट फिरवलं. खालच्या बाजूला, भिंतीकडं वळलेल्या एका जोडावर चिकट लागलं. उरलासुरला गॅस काढून आत नायट्रोजन भरला, दाब चढवला आणि त्या जोडावर रिठ्याचा फेस लावला. तुम्ही गुडघे धरत खाली वाकलात, पण मोतीबिंदूमुळं तुम्हाला फुगा दिसेना. तेव्हा मी तुमचा हात धरला. आपण होऊन तुमच्या अंगाला हात लावायची ती माझी पहिलीच वेळ. फेस पुसला, तुमचं बोट त्या जोडावर ठेवलं आणि म्हणालो, "डोळ्यानं नका बघू सर. बोटानं बघा." तुम्ही बोट फिरवलंत, एकदा, दोनदा. मग बोटाला बोट घासून नाकाशी नेलंत. "तेल हाय," तुम्ही म्हणालात.

जोड पुन्हा झाळून पक्का करून, दाब टिकतोय ना ते बघून, मी गॅस भरला. काम उरकायला दुपार झाली. हात धुताना मी सांगून टाकलं, "सर, तुम्ही मला क्लासातनं काढलं होतं. मला हिरवं दिसत नाय म्हणून." वीस वर्षं मी हे वाक्य घोकत होतो. पुढं काय काय बोलायचं तेही ठरलेलं होतं. तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "लई पोरं शिकवली, बाबा. ध्यानात नाय." मला तोंडात मारल्यासारखं झालं. ज्या शब्दांशी मी रोज सकाळी उठून भांडत होतो, ते तुमच्या लक्षातसुद्धा नव्हते. वर तुम्ही म्हणता, "पण काढलं असंल तर बरोबरच काढलं असंल. ज्याला ज्योत दिसंना त्याला मी काय शिकवणार होतो?"

नाही सर. बरोबर नव्हतं. तेव्हा तुमच्या पत्नी चहा घेऊन उभ्या होत्या, म्हणून मी कप घेतला आणि चहा प्यालो. आता सांगतो. तुम्हाला फेस माहीत होता, तेल माहीत होतं, कान लावणं माहीत होतं. तुम्हाला येत होतं ते सगळं तुम्ही शिकवलं असतंत, तर माझ्यासारख्याचं निभावलं असतं. तुम्ही जे तुम्हाला आवडत होतं तेवढंच शिकवलंत, आणि ज्याला ते जमेना त्याला आंधळा ठरवलंत. आज माझ्याकडं शिकायला मुलं येतात, दोन मुलीही आहेत. गॅस लागला की टिवटिवणारं यंत्र आता पिशवीत असतं. तरी मी त्यांना आधी हेच विचारतो, हाताला काय लागलं? ज्याला जसं सापडेल तसं सापडू दे. मी आजवर कुणालाही जमिनीकडं परत जा म्हणून सांगितलेलं नाही.

मी जिना उतरत होतो तेव्हा तुम्ही हाक मारलीत. वर आलो, तर तुम्ही दारात उभे, हातात फडक्यात गुंडाळलेला तो दिवा. "हा घिऊन जा," तुम्ही म्हणालात. "आता आपल्या दोघांनाबी सारखाच दिसतोय." हे बोलताना तुम्ही हसलात की नाही, ते मला आजही ठरवता येत नाही. मी दिवा घेतला. नमस्कार केला नाही. पुढं दीड वर्षानं तुम्ही गेल्याचं कळलं, तेव्हाही आलो नाही.

त्या घरात आता दुसरं कुणीतरी राहतं. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, तुमच्या दिव्यासाठी मी केलेल्या पेटीतच ठेवायचं आहे. पण ठेवण्याआधी एक सांगून टाकतो. माझ्याकडं जुन्या गॅसचा एक लहान डबा उरलाय. वर्षातून एखाद्या वेळी, सूर्य मावळला की मी दिवा घेऊन गच्चीवर जातो, पेटवतो आणि नळीच्या तोंडाशी त्या डब्यातला किंचित गॅस सोडतो. बायको शेजारी उभी असते. ती म्हणते, "झाली बघा हिरवी. काय सुंदर दिसती! दिसली का?" मी ज्योतीकडं बघतो. ती आधी होती तशीच असते.

"व्हय," मी म्हणतो, "दिसली." ह्या ज्योतीसमोर मी पुन्हा खोटं बोलायला लागलोय, सर, आणि आता पकडायला तुम्ही नाही.